पहिली रायफल घेताना

आमच्या घरात रायफल आहे असं सांगितलं, की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. मग मी घाईघाईनं पुढचं सांगते, "हवेवर चालणारी आहे, स्पर्धेची. धाकटी दहा मीटर नेमबाजी खेळते." त्यानंतरचे प्रश्न ठरलेले असतात. परवाना लागतो का? दुर्बीण कुठली बसवली? आणि मुलीच्या खेळावर एवढे पैसे का घातले? नणंदेपासून ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना मी तीच उत्तरं देत आले आहे. ती एकदा सविस्तर लिहून काढते, कारण आपल्या घरांतली मुलं-मुली आता मला रेंजवर दिसतात आणि त्यांचे आई-वडील बाकावर बसून याच विचारात असतात.

आमचं घर कोंढव्यात. मिस्टरांचं नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे, मी घरी शिलाईकाम करते. बंदुकीशी आमच्या घराण्याचा कधी संबंध आला नाही. धाकटी आठवीत असताना शाळेच्या उन्हाळी शिबिरात एअर रायफल ठेवली होती. तिथल्या सरांनी शेवटच्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "ताई, हिचा हात स्थिर आहे आणि ही घाई करत नाही. हिला क्लबात आणा." क्लब म्हणजे एका इमारतीतला दहा मीटर लांबीचा हॉल. मोठ्या स्पर्धा बालेवाडीला होतात. तिथलं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथंच झाल्या. पण रोजच्या सरावासाठी कोंढव्याहून बालेवाडी गाठणं म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठणं. म्हणून आम्ही जवळचा क्लब धरला. नवख्या मुलाला आठवड्यातून चार दिवस जाता येईल अशी जागा मिळणं हे रायफलच्या आधीचं काम आहे.

२०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, बालेवाडीच्या रेंजवर घडलेला हा मुलगा. १९५२ मध्ये कुस्तीत खाशाबा जाधवांनी पदक मिळवलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या आठवड्यात आमच्या क्लबात उभं राहायला जागा नव्हती. आलेला प्रत्येक बाप आधी एकच विचारत होता, "स्वप्नीलसारखी रायफल कुठं मिळेल?" सर हसून सांगत, "ती पन्नास मीटरची पॉइंट टू टू. तिच्यात बारुदाचं काडतूस असतं आणि तिला शस्त्र परवाना लागतो. तुमच्या मुलाला आधी दहा मीटर उभं राहायला शिकू द्या."

तर परवान्याचं उत्तर असं. नळीचा बोअर .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर त्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरी तिला खेळणं समजू नये. दहा मीटरवरून ती कुणाचाही डोळा कायमचा घालवू शकते. क्लबातला पहिला आठवडा आमच्या लेकीनं नेम धरलाच नाही. नळी कायम निशाण्याच्या दिशेला ठेवायची, रायफल रिकामी आहे हे दाखवणारी केशरी दोरी नळीत घालून ठेवायची, "थांबा" म्हटलं की बोट चापावरून काढायचं, एवढंच तिनं घोटलं. आपल्या भावाकडे गमतीनंही हत्यार रोखू नये, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. रेंजवर तोच पहिला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला तिथून बाहेर काढतात.

आता खेळ काय आहे ते सांगते, म्हणजे पैशांचं गणित कळेल. निशाण्यावरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, साधारण आपल्या दोन रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. वहीत पेननं दिलेल्या पूर्णविरामाएवढा. दहा मीटर दूर उभं राहून साठ छर्रे मारायचे, वेळ ७५ मिनिटं. प्रत्येक नेमाचे गुण दशांशात मोजतात, जास्तीत जास्त १०.९. साठही छर्रे अचूक मध्यात गेले तर ६५४ होतात. जगातले उत्तम नेमबाज ६३० च्या पुढे जातात. मुलगे आणि मुली, दोघांनाही साठच छर्रे असतात. ताकद, उंची, धावणं यांचा इथं फारसा प्रश्न येत नाही. म्हणून मला हा खेळ आपल्या मुलींसाठी फार योग्य वाटतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मलेशियाची नूर सूर्यानी ताईबी आठ महिन्यांची गरोदर असताना याच प्रकारात उतरली होती. त्याच वर्षी कतारची बहिया अल-हमद डोक्यावर स्कार्फ बांधून आपल्या देशाचा झेंडा घेऊन चालली, तीही एअर रायफलचीच खेळाडू. आपल्या देशातले मैराज अहमद खान शॉटगनच्या स्कीट प्रकारात रिओ ऑलिंपिकपर्यंत गेले. इम्रान हसन खान यांनी गगन नारंगबरोबर २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रायफलचं सुवर्ण जिंकलं. आणि महाराष्ट्राच्या मुलींचं तर काय सांगावं! अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, तेजस्विनी सावंत. तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली.

पहिलं दीड वर्ष आमची लेक क्लबाच्या रायफलवर खेळली. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते. क्लबाची रायफल अनेक हातांतून फिरते. रोज कुणीतरी तिचा दस्ता पुढं-मागं करून ठेवतं, पण नवख्याला उभं राहायला शिकवायला ती पुरते. या काळात मूल टिकतं की कंटाळतं हे दिसतं. आमच्या लेकीबरोबर सुरुवात केलेल्या मुलांपैकी निम्मी दहावीच्या वर्षात थांबली. त्यांच्यापैकी दोघांच्या घरी महागड्या रायफली आता कपाटावर पडून आहेत.

विकत घ्यायची वेळ आली तेव्हा आमच्यापुढं चार पर्याय होते. पहिला, नळी मोडून भरायची स्प्रिंगची साधी रायफल. ती स्वस्त असते, पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला स्प्रिंग आणि पिस्टन धक्का देतात, त्यामुळं रायफल हातात हलते. आपल्याकडच्या ओपन साइट प्रकारच्या स्पर्धांत अशी रायफल चालते आणि सुरुवात म्हणून ते वाईट नाही. पण पीप साइटच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या प्रकाराकडे जायचं असेल, तर ती लवकरच अपुरी पडते. दुसरा पर्याय देशात बनलेल्या, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलींचा. तिसरा, नवी कोरी परदेशी. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ, ऑस्ट्रियाची स्टायर ही नावं रेंजवर मुलं क्रिकेटपटूंच्या नावांसारखी घेतात. त्यांची किंमत दोन लाखांच्या पुढं जाते. चौथा पर्याय, तीच परदेशी रायफल, पण वापरलेली.

दाबाच्या हवेच्या रायफलीला नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात आणि एका भरण्यात दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त छर्रे सुटतात. धक्का जवळजवळ बसत नाही. चाप इतका हलका असतो, की पहिल्या दिवशी लेकीला छर्रा सुटल्याचं आवाजावरूनच कळलं.

पण या चार पर्यायांत निवड करण्याआधी सरांनी आम्हाला वेगळ्याच कामाला लावलं. ते म्हणाले, "रायफल नंतर बघू. आधी हिचं माप घेऊ." हे वाक्य मला लगेच पटलं. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कितीही भारी कापडाचा असला, तरी काखेत टोचतोच. रायफलच्या दस्त्याची लांबी, खांद्याला टेकणारी बटप्लेट, गाल ठेवायची पट्टी, डाव्या हाताचा आधार, हे सगळं चांगल्या रायफलीत मागं-पुढं, वर-खाली करता येतं. उभ्या नेमबाजीत डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि रायफलचं वजन हाडांवरून जमिनीत उतरवतात. स्नायूंनी पेललं तर दहाव्या छर्ऱ्याला हात थरथरतो. नियमाप्रमाणं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चौदा-पंधरा वर्षांच्या बारीक अंगाच्या मुलीला तेवढी जड घेऊन द्यायची नसते. सरांनी तिला क्लबातल्या तीन वेगवेगळ्या रायफली आळीपाळीनं दिल्या. डोळे मिटून नेम धरायचा, पाच श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. डोळे उघडल्यावर नळी निशाण्याकडेच राहिली, तर रायफल अंगाला बसली. बाजूला सरकली, तर शरीर आणि दस्ता यांचं जुळत नाही. दुकानात चकचकीत दिसणारी मोठी रायफल या चाचणीत पहिल्या मिनिटाला बाद झाली.

माझी स्वतःची मेहनत लागली ती तिच्या स्कार्फमध्ये. गाल पट्टीवर दरवेळी अगदी त्याच जागी टेकला पाहिजे. मधे कापडाची एक घडी आली, तरी डोळा केसभर वर सरकतो आणि छर्रा दहाच्या ऐवजी नऊवर जातो. पिन टोचायची भीती वेगळीच. मी तिला पातळ सुती होजिअरीचा, टोपीसारखा बसणारा, उजव्या गालावर शिवण न येणारा स्कार्फ शिवून दिला. जाड कॉलरच्या जाकिटाखाली तो चपखल बसतो. जाकीट आणि पँट यांच्या कापडाची जाडी किती असावी यालाही नियम आहे, स्पर्धेआधी यंत्रावर मोजतात. त्यामुळं अंगाला आधार देईल असं कुठलंही जाड अस्तर चालत नाही. वाढत्या अंगाच्या मुलांसाठी जाकीट घेताना बटणं सरकवायला जागा आहे ना, तेवढं पाहावं.

आता दुर्बिणीचा प्रश्न. ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त आश्चर्य इथं वाटतं. ऑलिंपिकच्या एअर रायफलवर दुर्बीण नसतेच. जवळ आणून दाखवणारं कुठलंही भिंग नियमात बसत नाही. मागं डोळ्यासमोर एक डबीसारखी साइट असते, तिला डायॉप्टर म्हणतात. तिच्यात साधारण एक मिलिमीटरचं छिद्र असतं. पुढं नळीच्या टोकाला एका छोट्या बोगद्यात कडी असते. छिद्रातून कडी पाहायची आणि कडीच्या मधोमध निशाण्याचा काळा गोल बसवायचा. गोलात गोल, त्यात गोल. बस, एवढंच.

तरीही बाजारात एअर रायफलबरोबर नऊ पटीची दुर्बीण जोडून द्यायला दुकानदार तयार असतात. आमच्याही भाच्यानं, "मामी, दुर्बिणीशिवाय काय नेम लागणार?" म्हणून आग्रह धरला होता. सरांनी त्याला दोन कारणं सांगितली. बंदुकीसाठी बनवलेल्या बऱ्याचशा दुर्बिणींची नजर शंभर यार्डांवर जुळवलेली असते. दहा मीटरवर त्यातून निशाणा धुरकट दिसतो आणि डोळा जरा हलला की नेमाची फुली निशाण्यावरून सरकते. दुसरं, स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागं आणि मग पुढं असा दुहेरी बसतो, त्यानं साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा ढिल्या होतात. परदेशात दुर्बीण लावून खेळायचे एअर रायफलचे वेगळे खेळ आहेत, पण त्यांचा रस्ता वेगळा. तिला ऑलिंपिकच्या प्रकारात खेळायचं असेल, तर दुर्बिणीचे पैसे डायॉप्टरमध्ये घालावेत.

एवढं बारीक छिद्र कशाला, हे मला समजत नव्हतं. लेकीनं घरातच दाखवून दिलं. जाड कागदाला सुईनं एक भोक पाडलं आणि दादीच्या हातात दिलं. माझ्या सासूबाईंना चष्म्याशिवाय छापील अक्षर दिसत नाही. भोक डोळ्याशी धरून त्यांनी उजेडात वर्तमानपत्राचा मथळा वाचला, मग त्याखालचा बारीक मजकूरही थोडा वाचला. छिद्र लहान असलं, की डोळ्यात शिरणारे किरण कमी पसरतात आणि जवळचं, लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. छिद्र फार लहान केलं तर अंधारतं, फार मोठं केलं तर धूसर होतं. म्हणून चांगल्या डायॉप्टरला आयरिस असते. रेंजवरच्या उजेडाप्रमाणं छिद्र लहान-मोठं करता येतं. पुढच्या कडीचंही तसंच. सुरुवातीला मुलं घट्ट कडी मागतात, त्यांना वाटतं नेम पक्का बसेल. पण काळ्या गोलाभोवती पांढरी जागा कमी राहिली, की तो सतत कडीला टेकल्यासारखा दिसतो आणि मूल चाप ओढायलाच घाबरतं. सरांनी लेकीला थोडी मोठी कडी दिली. दोन दिवसांत तिचा नेम धरून ठेवायचा वेळ कमी झाला.

डोळ्याच्या बाबतीत आमच्यापुढं दोन अडचणी आल्या. एक, तिला लांबचा चष्मा आहे. नियमात चष्मा चालतो. फक्त नेहमीच्या चष्म्यात ती मान झुकवून भिंगाच्या कडेतून पाहायची आणि तिथं चित्र वाकडं येतं. नेमबाजीच्या फ्रेममध्ये एकच गोल भिंग असतं, ते नजरेच्या रेषेला काटकोनात फिरवून बसवता येतं. नंबर काढताना डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं लागतं, की हिला पुढची कडी स्पष्ट दिसायला हवी, निशाणा थोडा पुसट दिसला तरी चालेल. म्हणून रायफल घेण्याआधी मुलांचे डोळे तपासून घ्या. फ्रेमचा खर्च रायफलच्या मानानं किरकोळ आहे.

दुसरी अडचण मोठी होती. दोन्ही हात पुढं करून, पंजांमध्ये लहान खिडकी करून, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीत राहतं, तो सरस डोळा. आमची लेक उजव्या हाताची आणि डोळा निघाला डावा. उजव्या आणि डाव्या हाताच्या रायफलींची मूठ आणि गालपट्टी वेगळी असते, तेव्हा हा प्रश्न पैसे देण्याआधीच सुटायला हवा होता. सरांनी तिला पंधरा दिवस डाव्या खांद्यावर खेळवलं. तिला ते अजिबात जमलं नाही. मग उजव्या खांद्यावरच ठेवून डाव्या डोळ्यासमोर एक छोटी पांढुरकी पट्टी लावली. डोळा मिटायचा नाही. मिटला तर दुसऱ्यावर ताण येतो. महिनाभरात गुण पूर्ववत झाले आणि उजव्या हाताचीच रायफल घ्यायची हे पक्कं झालं. घरी बसल्या दहा सेकंदांत होणारी ही चाचणी सगळ्यांनी करून पाहावी.

यानंतर पैशांची गोष्ट. माझ्या भिशीचा नंबर त्या वर्षी लागणार होता. दोन लाख येणार होते आणि ते धाकटीच्या नावानं सोन्यात घालायचं घरात ठरलेलं होतं. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. सोनं घेतलं तर वाढेल, रायफल घेतली तर दिवसेंदिवस जुनी होईल. शिवाय मुलीच्या हातात बंदूक, उद्या स्थळं पाहायला गेलो तर लोक काय विचारतील? त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मी आजही म्हणेन. मोठ्या दिरांची काळजी वेगळी होती. "आपण आधीच लोकांच्या डोळ्यावर असतो. मुलगी खांद्यावर तसली पेटी घेऊन बसमध्ये चढेल. उगीच कशाला?" या दोन्ही गोष्टींवर आमच्याकडं आठवडाभर बोलणं चाललं. शेवटी मिस्टर सासूबाईंना म्हणाले, "अम्मी, थोरलीच्या इंजिनिअरिंगची फी भरली तेव्हा आपण परत काय मिळणार असं विचारलं नाही." सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, जुनी मिळते का बघा, म्हणजे थोडं सोनंही होईल.

म्हणून वापरलेली घ्यायची ठरली आणि तिथं मिस्टरांची नाना पेठेतली नजर कामी आली. विकणारा मुलगा कॉलेजला परगावी चालला होता. मिस्टरांनी सरांना बरोबर नेलं आणि पुढच्या गोष्टी तपासल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

सिलिंडरवरची तारीख सगळ्यात आधी. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही आणि वापरणंही धोक्याचं. नवा घ्यावा लागणार असेल, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. मग रात्री सिलिंडर भरून मीटरवरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी पुन्हा पाहिला. आकडा उतरला असता तर हवा गळते आहे. डायॉप्टरच्या चक्र्या दहा क्लिक डावीकडं, दहा क्लिक उजवीकडं फिरवल्या आणि छर्रा पुन्हा आधीच्या जागी जातो का ते पाहिलं. साइट बोटांनी हलवून तिच्यात खेळ नाही ना, हे तपासलं. रायफल टेकूवर पक्की ठेवून दहा छर्रे मारले. चांगल्या नळीतून दहाही छर्रे जवळजवळ एकाच भोकात जातात, ते भोक छर्ऱ्याहून थोडंसंच मोठं दिसतं. तीन कंपन्यांचे छर्रे लावून पाहिले, कारण प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो. दस्त्याचे स्क्रू फिरतात का, चाव्या आणि जास्तीच्या कड्या पेटीत आहेत का, हे पाहिलं. शेवटी मूळ बिल आणि विक्रीचा कागद, दोन्ही सहीनिशी घेतले.

जर्मन बनावटीची ती रायफल एक लाख पस्तीस हजारांना पडली. उरलेल्या पैशांचं सोनं घेतलं आणि ते सासूबाईंच्या हातात दिलं.

पण खर्च इथं थांबत नाही. एका दिवशी सरावाचे आणि नेम जुळवायचे मिळून ऐंशी छर्रे गेले, तर पाचशेची डबी सहा दिवसांत संपते. आठवड्याला चार दिवस सराव, म्हणजे महिन्याला अडीच डब्या. त्यावर क्लबाची फी, स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास. आमच्याकडं पहिल्या वर्षात हा सगळा खर्च रायफलच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढं गेला. पदरी तीन लाख असतील, तर तीनही लाख रायफलीत घालू नका. छर्रे परवडत नाहीत म्हणून सराव अर्ध्यावर आणलेली मुलं मी पाहिली आहेत. घरी मात्र एक फुकटचा सराव होतो. रायफल रिकामी करून, नळी मोकळ्या भिंतीकडं ठेवून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नुसता नेम धरायचा आणि छर्ऱ्याशिवाय चाप ओढायचा. रमजानमध्ये लेक क्लबात कमी जाते, रोज अस्रच्या आधी वीस मिनिटं हा कोरडा सराव करते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम आहे.

दिरांनी सांगितलेल्या काळजीचं काय केलं, तेही सांगते. रायफल कायम कुलूपबंद पेटीत असते, छर्रे वेगळ्या कपाटात. पेटीच्या कप्प्यात बिलाची प्रत, क्लबाचं ओळखपत्र आणि शाळेचं पत्र असतं. पेटी घेऊन ती एकटी जात नाही, मिस्टर दुकान उघडण्याआधी तिला सोडतात. एकदा बसस्टॉपवर एका माणसानं नको त्या आवाजात पेटीत काय आहे विचारलं. मिस्टरांनी कागद दाखवले, तो तरीही काहीतरी पुटपुटत गेला. लेक त्या दिवशी नीट खेळली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अम्मी, पेटीवर क्लबाचं नाव मोठ्या अक्षरात शिवून दे." मी पिवळ्या दोऱ्यानं शिवून दिलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र आम्ही आपणहून आधीच सांगितलं होतं. त्यांचा नातू आता शनिवारी तिच्याबरोबर क्लबात येतो.

रायफल आली त्या महिन्यात लेकीचे गुण उलट घसरले. नव्या दस्त्याची सवय व्हायला सहा आठवडे लागले. क्लबाच्या रायफलवर ती साठ छर्ऱ्यांत ५८० च्या आसपास असायची, आता ६०० पार करते. जिल्हा, मग राज्य, मग ग. वा. मावळणकरांच्या नावानं होणारी स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय, अशा पायऱ्या आहेत. लोकसभेचे पहिले सभापती मावळणकर हेच १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. आमची लेक अजून राज्याच्या पायरीवर आहे. पुढं जाईल की नाही, अल्लाह जाणे. बारावीचं वर्ष मधे आहे.

तुमच्या घरात हा विचार चालू असेल, तर आधी तीन महिने जवळच्या क्लबात फी भरून मुलाला उभं राहू द्या. तेवढ्यात सरस डोळा आणि नंबर तपासून घ्या, दोन-तीन रायफली खांद्याला लावून पाहा, वर्षभराच्या छर्ऱ्यांचा हिशेब एका कागदावर मांडा. त्यानंतर दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला फोन करा, आणि जाताना घरातलं जुना माल पारखणारं माणूस बरोबर न्या.